टाचेला चिकटलेलं पान

घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात जेवणाचं अर्धं टेबल मुलीच्या डब्यांनी अडवलंय. ती बुरशीचा अभ्यास करते. जंगलातला पालापाचोळा आणायचा, ओल्या टिपकागदावर ठेवून झाकण लावायचं आणि वाट बघायची. बायको म्हणते, "माझ्या डब्यांत आपोआप येते, हिला त्यासाठी पीएचडी करावी लागतेय."

पण एका डब्यात जे उगवलं, ते बघून तिनेही भिंग मागून घेतलं. कुजक्या पानावर काळे, ताठ केस, प्रत्येकाच्या टोकाला थेंब. भिंगातून पाहिलं की वाटायचं, तेच आपल्याला निरखताहेत.

"नवीन प्रजाती असेल, बाबा. पण एकदाच मिळालीय. त्याच झाडाखाली परत मिळाली नाही, तर कोण विश्वास ठेवेल?"

म्हणून रविवारी येऊरच्या जंगलात गेलो. मी ड्रायव्हर. ती खुणेचं झाड शोधायला पुढे गेली आणि मी जिथे टेकलो, तिथे बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड दिसला, पाचोळ्यात अर्धा बुडालेला. देवासमोर एवढा कचरा? सवयीने बूट-मोजे काढले आणि डहाळीने झाडायला लागलो.

पानं सुटी येईनात. गोधडीसारखी एकसंध उचलली जात होती, खालून पांढऱ्या धाग्यांनी शिवलेली. पाय गार पडले. पाखरं केव्हा गप्प झाली, कळलंच नाही. मागे काहीतरी करकरलं. वळून पाहिलं, तर मी लोटलेला ढीग सावकाश खाली बसत होता. श्वास सोडल्यासारखा.

"बाबा! काय केलंस? अरे, हेच ते झाड!"

"देवासमोर कचरा होता गं…"

"तोच तर हवा होता मला!"

ढिगात आता शेजारच्या झाडांची पानंही मिसळली होती. तिने पिशवी भरली, पण गाडीत माझ्या शेजारी न बसता मागे जाऊन बसली.

घरी मोजा काढला, तर टाचेला पानाचा तुकडा.

"हलू नकोस," ती चिमटा घेऊन धावली. "हे तरी नक्की तिथलंच."

पान सहज निघेना. मध्ये बारीक पांढरे धागे ताणले गेले.

बाकीच्या डब्यांत नेहमीची हिरवी बुरशी आली. त्या तुकड्यावर मात्र एका सकाळी काळे केस उभे राहिले.

"मिळाली, बाबा! परत मिळाली!" मुलगी अक्षरशः नाचली.

मी पेढे आणायला निघालो. मोजा चढवताना टाचेवर बोट फिरलं. काहीतरी ताठ, बारीक लागलं. या दिवसांत टाचा भेगाळतातच, असं स्वतःला बजावून मी मोजा पटकन वर ओढला.