संघपाल चेहरा पुसत नाही

संघपाल बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही, गालाकडे पाहतो. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते त्याला सांगता येणार नाही, पण त्याच्या नाकाच्या शेंड्यावरची छिद्रं मोजून देईल. सक्करदऱ्यातल्या त्याच्या फोटो स्टुडिओत वीस वर्षं एकच कायदा चालतो: पंधरा दिवसांत जाणारं काढायचं, जन्मभर राहणारं ठेवायचं. पिंपल गेलं, तीळ राहिला. घामाची चमक गेली, सुरकुती राहिली. फार तर तिची सावली जराशी उजळ. कातडीचा पोत हरवला, की गडी स्वतःलाच शिवी हासडून पुन्हा पहिल्यापासून बसतो.

या कायद्याशी भांडायला उमरेडहून पिंटू आला, आई-वडिलांना सोबत घेऊन. त्याचे वडील लहानूजी कोळसा खाणीतून रिटायर होत होते आणि सत्काराच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. लहानूजींच्या भुवईवर निळसर डाग होता; जुन्या जखमेत कोळशाचा कण राहिला आणि वरून कातडी भरून आली. संघपालनं फोटोतून दाढी करताना कापलेलं काढलं, डाग ठेवला.

"हे काहून ठेवलं, भाऊ?" पिंटू भडकला. "हे पाहा, म्या मोबाइलवर केलं."

मोबाइलमधले लहानूजी सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत झाले होते.

"सदतीस वर्षं खाणीत होते का फ्रिजमधी?" संघपालनं विचारलं.

"मंग दुसऱ्याकडून करतो मी."

संघपालनं मोबाइलकडे पुन्हा पाहिलं. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. पण हे अंडं उमरेडच्या चौकात टांगणार!

"तुह्या मायले दाखवू," तो म्हणाला. "ते म्हणन ते फायनल."

पार्वतीबाई नवऱ्याशेजारी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "हा कोण गा, पिंट्या?"

मग त्या संघपालच्या स्क्रीनसमोर आल्या आणि नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अगं बाई! हे तर आता खेकसते माह्यावर!"

पिंटूलाही हसू आवरेना. लहानूजी मात्र उठून स्क्रीनजवळ गेले आणि भुवईवरच्या डागावर बोट ठेवलं.

"एकोणनव्वदचा हाय थो डाग," ते म्हणाले. "टाके नाही मारू देल्ले म्या."

"बाबा, फ्लेक्सवर नाव केवढं टाकाचं?" पिंटूनं नरमून विचारलं.

"बारीक टाक. हे थोबाड पाहून कोण नाही वळखत मले?"

संघपालनं नाव टाइप केलं, मान तिरपी करून पाहिलं आणि अक्षर आणखी एक नंबर लहान केलं.