देवाच्या जास्वंदीवरचा लाल कोळी

आमच्या गॅलरीतली लाल जास्वंद सासूबाईंची. रोज एक फूल त्यांच्या गणपतीला जातं, म्हणून त्या कुंडीत औषध मारायचं नाही, हा त्यांचा एकच कायदा. बाकी घर त्यांनी केव्हाच माझ्यावर सोडलंय.

यंदा वैशाखात पानं फिकट पडली, सुईने टोचल्यासारखे पांढुरके ठिपके आले. कोयलीकडचा वारा बाधला, असं नवऱ्याचं मत. घरात काहीही बिघडलं की तो रिफायनरीकडे बोट दाखवतो. मी पान उलटून पाहिलं. मागे बारीक जाळं आणि त्यात हलणारे लाल कण. लाल कोळी, पानांचा रस शोषणारी कीड. सासूबाई दर शुक्रवारी ओल्या फडक्याने पानांची मागची बाजू पुसायच्या. त्यांना कमी दिसायला लागल्यापासून ते थांबलं होतं, आणि ते काम आपण घ्यावं असं मला काही सुचलं नव्हतं.

पान न् पान पुसायला मला वेळ नव्हता. ऑफिसातून येताना सयाजीगंजातून कीटकनाशकाची बाटली आणली आणि त्या भजनाला गेल्या असताना फवारली. कळ्यांवरसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखं फूल तोडलं आणि आत गेल्या. मी डबे भरत राहिले. सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं.

आठवडाभरात जाळी शेंड्यापर्यंत चढली. तेव्हा कुठे मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. मावा, तुडतुडे वगैरेंसाठी होतं ते. कोळ्याचं नाव नव्हतं. उलट कोळ्याला खाणारे किडेच मेले असणार.

सासूबाई कुंडीपाशी येऊन म्हणाल्या, "माझंच चुकलं. दिसत नसलं तरी हाताला लागेल तेवढं पुसायला हवं होतं."

हे मला ऐकवेना. पार गेलेल्या फांद्या छाटल्या, पाण्याचा जोरदार फवारा खालून मारला आणि फडकं घेऊन बसले. त्यांनी कुंडी कलती धरली. पुसता पुसता मी सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "फूल तोडलं तर बोटांना वास. जास्वंदीला कुठे वास असतो? त्या दिवसापासून नुसत्या दूर्वा वाहतेय."

मी देवघरात डोकावलेच नव्हते.

"मग बोलला का नाहीत, आई?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

पुढे आम्ही दोघींनी पुसत राहून कोळी घालवला. नवी पानं स्वच्छ आली, आता फुलंही येतात. बाटली टाकून दिली, हे मी त्यांना सांगितलंय. त्यांनी मान डोलावली. पण देवाला वाहायचं फूल हुंगायचं नसतं, म्हणून त्या फूल तोडून परडीत ठेवतात, स्वतःची बोटं नाकाशी नेतात आणि मगच आत जातात. डबे भरताना मला ते रोज दिसतं.