अप्रशिक्षित बाईंचा पाठ

कोपरखैरण्याच्या एका शाळेत राजेश्वरी पिसाळ नऊ वर्षं शिकवत होत्या, आणि कागदोपत्री त्यांना शिकवता येत नव्हतं. मराठी आणि भूगोल घेऊन बी.ए., फळ्यावरचं अक्षर चांगलं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, पण बी.एड. नाही. अशा माणसाला सरकारी भाषेत अप्रशिक्षित शिक्षक म्हणतात. शाळा नवी, वसाहत नवी, आणि पोरं वर्गात मावत नव्हती, तोवर कुणी काही विचारलं नाही. मग शाळेला अनुदान लागू झालं आणि सगळ्यांना एकदम नियम आठवले.

बी.एड. करायचं तर नोकरी सोडून वर्षभर कॉलेजात बसायचं. ते जमण्यासारखं नव्हतं. यजमान रणजीत वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या टोळीत माथाडी होते आणि कंबर धरल्यापासून महिन्यातले निम्मे दिवस घरीच असत. दुसरा मार्ग म्हणजे नोकरीतल्या शिक्षकांसाठी सुट्यांत चालणारा विद्यापीठाचा वर्ग. त्याची अट साधी होती: दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अनुभव हवा. मान्यता जिल्ह्याच्या कार्यालयातून मिळे, आणि ती मिळायला बी.एड. लागे.

यातून वाट काढली हेडमास्तर दळवी सरांनी. प्रशिक्षित उमेदवार मिळतच नसेल, तर अप्रशिक्षिताला वर्षापुरती मान्यता मिळू शकते. उमेदवार मिळत नाही हे सिद्ध करायला जाहिरात द्यावी लागते. सरांनी ती नवी मुंबईत कुणीच घेत नाही असं वर्तमानपत्र शोधून त्यात दिली. अपेक्षेप्रमाणे कुणी आलं नाही. पुढच्या वर्षी तेच. अशा रीतीनं नऊ वर्षांतली दोन वर्षं खरी ठरली आणि बाईंना प्रवेश मिळाला. संस्थेनं मात्र बजावलं, की पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत पदवी हातात नसेल तर जागा दुसऱ्याला. दुसरी तयारच होती. संस्थेच्या चिटणिसांची भाची, तेजश्री, नुकतीच बी.एड. झालेली.

घरी सासूबाईंना हे समजावून सांगणं अवघड गेलं.

"येवढी वर्सं पोरं शिकवतीस," वेणूबाई म्हणाल्या, "आन् आता तुला कोन शिकिवनार, कसं शिकवायचं ते?"

"प्राध्यापक."

"त्यांनी कुटं शिकिवलंय पोरास्नी?"

रणजीतना त्यात काही वावगं वाटलं नाही. माथाडी बोर्डात नाव नसेल तर आमच्यातही गोणीला हात लावू देत नाहीत, असं ते पडल्या पडल्या म्हणाले. फक्त आमच्यात आधी नाव लागतं आणि मग ओझं मिळतं, एवढाच फरक.

मे आणि दिवाळी, दोन्ही सुट्या बाईंनी बाकावर बसून काढल्या. धाकट्या भावाच्या वयाच्या प्राध्यापकांनी प्रश्न कसा विचारावा, खडू कसा धरावा, वर्गाकडे पाहून कधी हसावं हे शिकवलं. ते सांगतील तिथं बाई हसल्या. पाठ सुरू करण्याची एक ठरलेली रीत होती. विषयाचं नाव आपण घ्यायचं नाही. एकापुढे एक असे प्रश्न विचारत जायचं, की शेवटच्या प्रश्नाला मुलं अडली पाहिजेत. ती अडली, की गंभीरपणे म्हणायचं, आज आपण याचाच अभ्यास करणार आहोत.

परीक्षेचा पाठ मार्चमध्ये नेरूळच्या एका शाळेत, सहावीवर होता. घटक होता खारे वारे आणि मतलई वारे. अडचण अशी होती, की त्या वर्गावर त्या वर्षी बाईंच्या आधी कितीतरी होतकरू शिक्षकांनी हाच पाठ घेतला होता. "उन्हाळ्यात संध्याकाळी" एवढं म्हटलं, की वर्ग एका सुरात "खारे वारे" म्हणून मोकळा व्हायचा. मुलं अडायचीच बंद झाली होती.

म्हणून आदल्या दिवशी बाईंनी वर्गाशी बोलून घेतलं. उद्या बाहेरचे परीक्षक येतील. तेव्हा माहीत नाही असं दाखवा. वर्ग मनापासून हो म्हणाला. त्यांना त्यात नवीन काहीच नव्हतं. प्रत्येक शिक्षकाची काहीतरी अट असतेच.

परीक्षक मागच्या बाकावर येऊन बसले. निवृत्तीला आलेले, दिवसाचा कितवा तरी पाठ बघणारे. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, उन्हाळ्यात संध्याकाळी गार हवा खायला आपण कुठं जातो?

कुणाचाही हात वर झाला नाही.

बाईंनी प्रश्न सोपा केला. खाडी कुणी पाहिली आहे? निम्मा वर्ग शिरवण्याचा, म्हणजे खाडीवरच वाढलेला. त्या निम्म्या वर्गानं खाडी पाहिली नव्हती. वारा म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मुलं एकमेकांकडे न बघता, शब्दाला जागून, अडाणी बसली होती. परीक्षकांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. बाईंच्या डोळ्यांपुढे जून महिना उभा राहिला.

मग पुढच्या बाकावरून शिरवण्याची सखू उठली. "बाई, आता सांगू का? मना सगलं म्हाईत हाय."

"सांग," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

सखूनं एका दमात जमीन तापवली, पाणी थंड ठेवलं, वारे दोन्ही बाजूंनी वाहवले आणि गृहपाठही देऊन टाकला. पाठ संपला. तास तसाच उरला.

"बाई," परीक्षकांनी मागून विचारलं, "आता काय घेणार?"

बाईंना एकाएकी फार दमल्यासारखं झालं. टाचण त्यांनी टेबलावर पालथं घातलं. "काही नाही सर. जरा विचारते यांना." मग त्या वर्गाला म्हणाल्या, "कंपन्यांचा धूर सकाळी कुठं जातो रे?"

सकाळी आमच्या घरात येतो, असं शिरवण्याची पोरं म्हणाली. दुपारनंतर डोंगराकडे जातो. सेक्टरातल्या इमारतींमधल्या मुलांनी ते खोडून काढलं. आमच्याकडे धूर येतच नाही म्हणाली. त्यावर तुमच्या खिडक्यांना काचा हायेत, असं उत्तर आलं. वाद वाढला. फळ्यावर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर काढून बाईंनी मुलांनाच बाण काढायला लावले. परीक्षकांनी घंटा होईपर्यंत पेन हातात घेतलं नाही.

निकाल जूनच्या मध्यावर लागला. बाई पास झाल्या, अगदी काठावर. पाठ टाचणाप्रमाणे घेतला नाही, हा शेरा खरा होता, त्यामुळे वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता.

दळवी सरांनी बोलावून अभिनंदन केलं. नोकरी वाचली, कायम मान्यता येईल. मग ते चष्मा पुसत राहिले. मान्यता पदवीच्या तारखेपासून धरणार होते. आधीची वर्षं सेवाज्येष्ठतेत मोजली जाणार नव्हती. शिवाय पटसंख्या वाढून एक जागा निघाली होती, तिच्यावर तेजश्री शाळा उघडली त्याच दिवशी रुजू झाली होती, निकालाच्या थोडी आधी. म्हणजे तीही ज्येष्ठ.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल," सर म्हणाले.

"तास आहे सर," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या हजेरीपत्रकात त्यांचं नाव सगळ्यांच्या खाली होतं. तेजश्री पेन घेऊन आधीच उभी होती. बाईंना पाहून ती ओशाळून बाजूला झाली. "ताई, तुम्ही करा ना आधी सही."

"नको," बाई म्हणाल्या. "तुझा नंबर वर आहे. कर आणि जा लवकर, सहावीचा आवाज इथपर्यंत येतोय."