जावयाला सुचवलेले टायर

सांगू की नको करत इतकी वर्षं काढली. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, शेवटपर्यंत सांगितलं नाही — आणि आता ती नाही. तेव्हा तुम्हालाच सांगतो. टायरांची गोष्ट आहे. हसू आलं ना? एवढं सगळं टायरांवरून झालं असं म्हणायची मलाही लाज वाटते.

आमच्या नात्यात गाडीतलं मला कळतं, असं मानतात. वैजापूरचा मेहुणा असो की बिडकीनचा पुतण्या, गाडी बघितली की आधी फोन मला. मीही मग जायचो, बोनेट उघडून हुं हुं करायचो, टायरवर अंगठा दाबायचो आणि म्हणायचो, ‘रबर कडक आहे, टिकेल.’ आपल्याकडे मे महिन्यात डांबर पाघळतं, तिथं मऊ रबराची लवकर वाट लागते — एवढं मला खरंच माहीत होतं. एवढंच. पण चारचौघांनी विचारलं की माणूस फुगतो. मी जरा जास्तच फुगलो होतो.

माझी लेक मृणाल लग्नानंतर कॅनडाला गेली. तिथं त्यांनी जुनी गाडी घेतली आणि थंडी सुरू व्हायच्या आत टायर बदलायचे ठरले. जावयाने, सागरने, मला फोन केला. मृणाल तेव्हा कामावर होती. तिथं म्हणे तीन प्रकार मिळतात. ऑल-सीझन बारा महिने चालतात, पण कडाक्याच्या थंडीत त्यांचा भरवसा नाही. ऑल-वेदरही बारमाही, पण बर्फात बऱ्यापैकी धरून राहतात. आणि विंटर — मऊ रबराचे, फक्त हिवाळ्यापुरते, उन्हाळा आला की काढून ठेवायचे. दुकानदार विंटर घ्या म्हणत होता. सागरचाही कल तिकडेच होता. मग त्याने मला का विचारलं? सासऱ्याला बरं वाटावं म्हणून — दुसरं काय?

मी म्हणालो, ‘थांबा सागरराव, इथल्या टायरवाल्याशी बोलून सांगतो.’ बोललो का? नाही. घरातून बाहेरसुद्धा पडलो नाही. आणि दुसऱ्या दिवशी छातीठोकपणे सांगितलं — चौकशी केली, मऊ रबराच्या नादी लागू नका, कडक असतील तेच घ्या, ऑल-सीझन. त्या थंडीत कडक रबर दगड होतं आणि रस्ता सोडतं, हे मला कुठं ठाऊक होतं? बर्फ मी फ्रिजमध्येच पाहिलेला. पण ठाऊक नाही, असं म्हणता आलं असतं की नाही? सागर एवढंच म्हणाला, ‘बरं, बाबा.’

त्याच हिवाळ्यात एका सिग्नलला त्यांची गाडी थांबलीच नाही. सागरने ब्रेक दाबला, चाकं थांबली, गाडी मात्र घसरत गेली आणि मृणालच्या बाजूने खांबावर आदळली. लेक वाचली. पण तिचा उजवा पाय आखूड पडला. टायर बर्फाचे नव्हते, हे तिनेच सुमनला फोनवर सांगितलं. ते सागरने निवडले, असंच ती धरून चालली होती. सुमनही. मी शेजारीच बसलो होतो.

पुढे धोंड्याच्या महिन्यात दोघं घरी आले. अधिक महिना म्हणजे जावयाचा मान. सुमनने पाट मांडला, ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले, सगळं रीतीप्रमाणे. तेवढ्यात मृणाल कठडा धरून एकेक पायरी उतरत जिन्यावरून खाली आली. सुमनच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

‘जावईबापू,’ ती म्हणाली, ‘माझ्या लेकीपरीस टायर लई महाग होते व्हय?’

सागरने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग नव्हता हो — राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता वाट बघत होता. आणि मी काय केलं? गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, ‘गाडीच्या बाबतीत हयगय करू नये, सागरराव.’

‘चुकलं माझं, आई,’ तो म्हणाला, आणि खाली मान घालून पुढ्यातला धोंडा खाऊ लागला.

त्यानंतर सुमन त्याच्याशी धड बोलली नाही. फोन आला की ‘लेकीला द्या’ एवढंच म्हणायची. गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती, तेव्हा सागर फोनवर रडत होता. मी फोन तिच्या कानाशी नेला. तिने तोंड फिरवलं. ‘त्येंच्याशी नाय बोलायचं मला,’ म्हणाली. खोलीत आम्ही दोघंच होतो. मीच सांगितलं होतं, सुमन — एवढंच म्हणायचं होतं. पण ती मग माझ्याकडे कशी बघेल, याची मला भीती वाटली. मरणाऱ्या बायकोच्या नजरेची भीती. मी फोन बाजूला घेतला आणि सागरला सांगितलं, ‘झोप लागलीय तिला.’ तिच्या मनातली ती अढी तशीच राहिली आणि ती गेली.

आता दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला सागरचा फोन येतो. ‘बाबा, विंटर टायर बसवले.’ मी म्हणतो, ‘बरं केलं.’ मग कुणीच लगेच फोन ठेवत नाही.

यंदा मृणालने त्याच्या हातातून फोन घेतला. ‘आता बघा ना बाबा, बर्फ पडायच्या आधीच टायर बदलून मोकळा होतो,’ ती हसत म्हणाली. ‘तेव्हाच एवढी अक्कल आली असती तर?’

मागून सागरचाही हसण्याचा आवाज आला. मीही हसलो.