आबांनी ओलांडलेला पाय

माझ्या लेकीच्या लग्नाला यायचंच नाही, असं माझ्या वडिलांनी पक्कं ठरवलं होतं. कंपवात झाल्यापासून त्यांचे पाय चालता चालता मध्येच जमिनीला चिकटायचे. "पावण्यांपुढं खांबावानी उभा ऱ्हाऊ व्हय?" म्हणायचे. माझं डोकंच फिरलं. कारण फरशीवर अडकणारा हाच माणूस शेतात सोयाबीनच्या ओळी आडव्या ओलांडत दणादण जायचा! सोंगच करतात, असं मी उमरग्याच्या डॉक्टरांना बोलूनही दाखवलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, "आपोआप पाऊल उचलायला लावणारा मेंदूतला भाग या आजारात थकतो. पण समोर आडवी रेघ दिसली, की डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू मदतीला येत असावा. पुरतं कोडं अजून कुणालाच सुटलेलं नाही."

"म्हंजी थोरला बसला की धाकल्यानं औत धरायचं," शेजारी बसलेले वडील म्हणाले. ते भावंडांत धाकटे. "आमच्या घरात बी तेच झालं."

मला माझीच लाज वाटली. घरी आल्या आल्या मी सतरंज्या काढल्या आणि पट्टे आडवे येतील अशा ओसरीवर अंथरल्या. आठ दिवस फेऱ्या मारल्यावर वडील स्वतःच म्हणाले, "नवा सदरा शिवायला टाक. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायला म्याच स्टेजवर जाणार."

लग्न लागल्यावर ते मांडवात मी तशाच आडव्या अंथरलेल्या सतरंज्यांवरून ऐटीत निघाले. पण स्टेजपुढं मंडपवाल्यानं कौतुकानं बिनपट्ट्यांचा लाल गालिचा टाकला होता. तिथं पाय थिजले. सगळा मांडव बघायला लागला. वडिलांची मान खाली गेली.

तेवढ्यात नवरी शालू सावरत खाली उतरली. तिनं आपला मेंदीचा पाय त्यांच्या पावलापुढं आडवा ठेवला. "आबा, वलांडा."

"आगं, थोरल्यांपुढं पाय?" माझी आत्या ओरडली. "आन् माणसाला वलांडू न्हाय, वाढ खुंटती!"

"आता हिची काय वाढ खुंटतीय, नवरी झाली की!" म्हणत वडिलांनी पाय उचलला. नातीनं दुसरा पाय पुढं ठेवला, त्यांनी तोही ओलांडला. असं करत दोघं वर पोचली. मी हसत होते आणि रडतही होते. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात धरला. अक्षता टाकाव्या लागल्याच नाहीत. हात थरथरत होता, त्या आपोआप पडत राहिल्या.