चौथी थाप

ओल्या लसूणघासाचा वास आला की मला कन्हेरी गावातला आमचा गोठा आठवतो. लेक दिवस भरण्याआधीच जन्मली होती. मेंदूच्या वाढीवर लक्ष ठेवा, असं बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दहा महिन्यांची झाली तरी ती टाळीसुद्धा वाजवत नव्हती आणि मी दिवसभर तिचे हातच बघत बसायचे. संध्याकाळी सासरे तिला मांडीवर घेऊन गोठ्याच्या दारात बसायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येक शेळीगणिक तिचा हात धरून आपल्या गुडघ्यावर थाप मारायचे. शेळ्या चार, थापा चार. “आबा, तिला काय कळतंय?” मी चिडायचे. “कळंल की. घाई न्हाय,” ते म्हणायचे. एकदा ते शेजाऱ्याशी बोलण्यात गुंतले होते. शेळ्या आत शिरल्या आणि तिचा हात आपला आपणच गुडघ्यावर पडला. एक, दोन, तीन. मग तो वर उचललेलाच राहिला. ती दाराकडं बघत होती. “आरं, एक बाहेरच हाय!” म्हणत आबा धावले. चौथी घासाच्या वाफ्यात सापडली, ओला घास खाऊन पोट फुगायच्या आत. मी मात्र लेकीचा तो हात धरून रडत बसले. आता ती पहिलीत आहे. या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी तिच्या डायरीत लिहिलंय, ‘बोटांवर मोजते, सवय मोडा.’ खाली पालकांची सही हवी आहे. डायरी तीन दिवस बिनसहीचीच शाळेत जातेय.