भांडखोर पेशी

घरात तिला सगळे चिमटी म्हणत. लहानपणी पाहुण्यांना चिमटे काढून पळायची म्हणून. पुढे ती शास्त्रज्ञ झाली, केस पिकले, तरी नाव सुटलं नाही. एकदा भावाने प्रयोगशाळेत फोन करून "चिमटी आहे का?" असं विचारलं, आणि त्या दिवसापासून तिथेही तेच रूढ झालं, अर्थात तिच्या माघारी.

तिचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात, पण कॅन्सर त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतो. चिमटी त्या पेशी बाहेर काढायची आणि निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात एक नवं जनुक पोचवायची, म्हणजे त्यांना कॅन्सर ओळखता यावा.

"मी त्यांना भांडायला शिकवते," तिने आईला सांगितलं.

"तेवढंच तुला येतं," आई म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं कधी बघणार?"

पहिली नऊ वर्षं पेशी भांडल्याच नाहीत. काचेच्या बशीत कॅन्सरला खेटून नुसत्या बसून राहायच्या. "लग्नाला आल्यासारख्या बसल्यात," सोबतची तंत्रज्ञ बाई म्हणायची. विभागाचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांना टापटिपीचं वेड होतं. एका सोमवारी त्यांनी फर्मान काढलं: फ्रीझरमध्ये जागा नाही, ज्या कामातून काही निघालं नाही त्याचे नमुने शुक्रवारपर्यंत फेकून द्या. यादीत पहिलं नाव चिमटीचं.

तिने वाद घातला नाही. तंत्रज्ञ बाईला तिथेच शंका यायला हवी होती. गुरुवारी चिमटीने जनुकाच्या साऱ्या कुप्या एका पेटीत भरल्या, झाकणावर साहेबांच्या प्रबंधातल्या यीस्टच्या प्रयोगाचं नाव घातलं आणि पेटी साहेबांच्याच फ्रीझरच्या तळाशी सारली.

"सापडली तर?" तंत्रज्ञ बाई कुजबुजली.

"स्वतःचा प्रबंध पुन्हा कोण उघडून बघतं?"

दोन वर्षांनी तिला उमगलं, की खोट जनुकाच्या शेपटीत, म्हणजे शेवटच्या तुकड्यात होती. पेशी कॅन्सरला ओळखत होत्या, पण ओळखल्यावर त्यांच्या अंगात बळ येत नव्हतं. शेपूट बदलायची तर मूळ कुप्या हव्यात. ती सरळ साहेबांकडे गेली.

"सर, तुमच्या फ्रीझरमधून माझी पेटी काढायची आहे."

"माझ्या फ्रीझरमध्ये तुमची पेटी कशी?"

"तुमच्या यीस्टच्या नावावर ठेवली होती. म्हणून तर शाबूत राहिली."

"मग माझी यीस्टची पेटी कुठाय?"

"ती तुम्हीच फेकलीत, सर. आदल्या सफाईत."

साहेबांनी किल्ली पुढे सरकवली. दाराबाहेर पडल्यावर तिला आतून त्यांचं हसणं ऐकू आलं.

नव्या शेपटीच्या पेशींनी एका दिवसात बशीतल्या कॅन्सरचा फडशा पाडला. पुढे उंदीर, तपासण्या आणि परवानग्यांत सहा वर्षं गेली. पहिला रुग्ण होता एक बसचालक. रक्ताचा कॅन्सर, सगळे उपचार थकलेले. पेशी दिल्यावर चौथ्या दिवशी त्याला सणकून ताप भरला. पेशी कामाला लागल्याची ती खूण होती, पण तापाने माणूस दगावू शकतो हेही चिमटीला ठाऊक होतं. ती खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसली.

शेजारी त्याची बायको बसली होती. "तुमच्या पेशी स्वभावाला कशा आहेत?"

"भांडखोर आहेत."

"मग आमच्या घरात खपतील."

ताप औषधांनी उतरला. महिन्याभराने त्याच्या रक्तात कॅन्सर सापडला नाही.

दुसरा रुग्ण एक शिंपी होता. खाटेवर बसूनच त्याने चिमटीच्या पांढऱ्या कोटाचा उसवलेला खिसा शिवून दिला, वर "शास्त्रज्ञ असून सुई धरता येत नाही?" असं ऐकवलंही. त्याच्या पेशी तीन महिने लढल्या, मग दमल्या. तो गेला. चिमटी आठवडाभर कोणाची थट्टा करेना, तेव्हा तंत्रज्ञ बाई खरी घाबरली.

पेशी का दमतात, हेच ती आता शोधते आहे. कागदोपत्री निवृत्त झाली, पण नव्या साहेबांनी तिला कोपऱ्यात एक टेबल दिलं आहे. रोज वीतभर सरकवत तिने ते खिडकीपर्यंत नेलं आहे.